ज्याच्याकडे मुले बघत नव्हती

आधी क्षमा मागून घेतो. लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. माझी सारी नोकरी हैदराबादच्या पोलीस खात्यात गेली. पंचनामे, जबाब आणि ठाण्याची डायरी यापलीकडे मी काही लिहिले नाही, तेही बहुतेक तेलुगूत. आमचे आजोबा उदगीरकडची शेती सोडून इकडे आले. घरात मराठी राहिली, पण ती बोलण्यापुरती. लिहा-वाचायला मी निवृत्त झाल्यावर बसलो. आता नारायणगुड्यात सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या वर्गाला जातो आणि बी.ए. करतो. आमच्या घराण्यात कॉलेजात नाव घातलेला मी पहिला, आणि वर्गात सर्वांत म्हातारा. निबंध लिहायची जेवढी भीती वाटते, तेवढी आरोपीसमोर कधी वाटली नाही. आमच्या बाई म्हणाल्या, पाहिले ते पाहिले तसे लिहा, शोभा आणायला जाऊ नका. म्हणून धीर करतो. नाव कोणाचेही देणार नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

या घटनेला पुष्कळ वर्षे झाली, पण अफझलगंजच्या पुलावरून जाताना मी अजूनही नदीकडच्या पायऱ्यांकडे बघायचे टाळतो.

नव्वदीची सुरुवातीची वर्षे सरत होती. चौकाचौकात एसटीडीचे बूथ झाले होते. गच्चीवरून गच्चीवर केबलच्या तारा लटकत होत्या. रस्त्यावरची मुले पूर्वी लोखंड आणि रद्दी वेचत. आता पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि रंगीत पुडे वेचू लागली होती. शहरात पैसा आला आहे हे मला वर्तमानपत्रातून नाही, त्यांच्या पोत्यांतून कळले. मी तेव्हा सहायक उपनिरीक्षक होतो.

एके सकाळी ठाण्यात हजेरी संपत असताना एक बाई आली. देगलूरकडची, शेतमजुरी करणारी. सोबत एक माणूस होता, पांढरे इस्त्रीचे कपडे घातलेला. त्याचा जुन्या शहरात लाखेच्या बांगड्यांचा कारखाना होता. बाईचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा कामाला म्हणून त्याने गावाकडून आणला होता. तो मुलगा कारखान्यातून पळाला आणि पुढे रस्त्यावर मेला, असे त्याचे म्हणणे. पोलिसांकडे नोंद आहे, ती हिला दाखवा म्हणजे हिचे समाधान होईल, असे तो फार नम्रपणे म्हणाला. ठाण्यात येऊन न घाबरणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक, ज्याने काहीच केलेले नाही. दुसरा, ज्याने पुष्कळदा केले आहे.

बाईला मराठीशिवाय काही येत नव्हते, म्हणून इन्स्पेक्टरसाहेबांनी मला बोलावले. मी फाईल काढली. मधल्या काळात मी दुसऱ्या हद्दीत बंदोबस्तावर होतो, त्यामुळे प्रकरण मलाही नवे होते. दीड-दोन महिन्यांपूर्वी नदीकाठच्या भिंतीजवळ एका मुलाचे प्रेत मिळाले होते. डॉक्टरांच्या अहवालाप्रमाणे मृत्यू तापाने. घातपात नाही. ओळख तिथल्या फुटपाथवरच्या मुलांनी पटवली, आणि नंतर, चेहरा सुजून गेला असल्याने, सदऱ्यावरून या कारखानदारानेही. मग दफन झाले आणि फाईल बंद झाली.

प्रेताचा फोटो मी बाईच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला. ती रडेल म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला. ती रडली नाही. सदऱ्यावर बोट ठेवले. खिसा उजव्या बाजूला होता. तो तिने स्वतः शिवला होता आणि घाईत उलट्या बाजूला लावला होता.

"सदरा त्याचाच हाय, साहेब. माझ्या हातचा हाय," ती म्हणाली. "पण हे लेकरू माझं न्हाई."

तिच्या मुलाच्या डाव्या पायाची दोन बोटे जन्मापासून जुळलेली होती. फोटोतल्या मुलाची पाची बोटे सुटी होती.

साहेब मला हळूच म्हणाले, आया असेच म्हणतात, त्यांना पटत नाही. माझाही अनुभव तसाच होता. पण माझे लक्ष कारखानदाराकडे गेले. तोवर तो दुःखाने मान हलवत होता. बाईचे वाक्य त्याला कळले आणि मान थांबली. तो बाईकडे बघत नव्हता. वाकून फोटोतल्या पायांकडे बघत होता. मुलगा जिवंत असू शकतो हे मला आणि त्याला एकाच क्षणी कळले होते. मुलगा बोलला तर त्याचा कारखाना बंद पडला असता; आता प्रश्न एवढाच होता, की मुलापर्यंत आधी कोण पोहोचतो.

साहेबांनी थोड्या दिवसांची मुभा दिली. आवाज न करता बघा, म्हणाले.

त्या भागातल्या मुलांमध्ये काम करणारी एक तेलुगू बाई होती. मुले तिला अक्का म्हणत. चिक्कडपल्लीत दोन खोल्या घेऊन ती मुलांना दिवसा आंघोळ, औषध, थोडे अक्षर देई. दुपारी रिक्षातून भाताचे डेग आणि औषधाची पेटी घेऊन अफझलगंजला येई. तिची एक पद्धत होती. मुलाला नाव विचारायचे नाही, जखम विचारायची. नाव ते प्रत्येक स्टेशनावर बदलते, ती म्हणे, पण जखम खोटी सांगत नाही. मी साध्या वेशात गेलो आणि तिला सारे सांगितले. ती रिक्षाच्या पायरीवरच बसली. त्या पळालेल्या मुलाच्या बोटांवरचे लाखेचे चटके तिने धुतले होते. दफनाला ती गेली होती. चेहरा तिने पाहिला नव्हता, कापडात बांधलेले पाहिले होते. मुलांनी सांगितले आणि तिने विश्वास ठेवला.

तिथेच एक केळीवाला गाडा लावत असे. मी दुसऱ्यांदा गेलो तर त्याचा गाडा रस्त्याच्या पलीकडे. तुम बी उसीकू देखने आये क्या साब, त्याने विचारले. कोणाला, म्हटले. मग तो आवाज खाली आणून बोलला. मेलेला पोट्टा त्याला दिसला होता. रात्री नाही, भर दुपारी, खालच्या पायऱ्यांवर, उघड्या अंगाने. आजूबाजूला मुले खेळत होती, पण एकही त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या मधून तो चालत गेला तरी कोणी मान वळवली नाही. केळीवाल्याने घाबरून एक केळे तिकडे फेकले आणि दुसऱ्या दिवसापासून जागा बदलली. एवढ्या पोरांना दिसेना आणि मला दिसतो, तर मरण माझेच जवळ आले असेल, असा त्याचा हिशेब होता. बायकोने दर्ग्यात नेऊन ताईत बांधला होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी जे पाहिले ते लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

अक्काने भात वाढला. मुले ओळीने बसली. त्यांच्यातली एक बारा-तेरा वर्षांची मुलगी सर्वांवर हुकूम चालवी. तिला मी इथे मोठी म्हणतो. मोठी उठली, एक पत्रावळ भरून घेतली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन ठेवली. परत येऊन नदीकडे पाठ करून बसली. तिच्याबरोबर सारी मुले पाठ करून बसली. एक अगदी लहान पोर होते, त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले. जेवताना ती मुले एरवी भांडत, ओरडत. आता कोणी बोलेना. पुलावरून बस जात होत्या, भोंगे वाजत होते, आणि त्या ओळीत नुसता भात चावल्याचा आवाज. थोड्या वेळाने मोठी उठली आणि मागे न बघता उलट्या पावलांनी खाली जाऊन पत्रावळ उचलून आणली. पत्रावळ रिकामी होती.

मी कठड्याशी होतो, तिथून ती पायरी दिसत नव्हती. धावत गेलो. कोणी नव्हते. पायरीवर ओल्या पायाचा ठसा होता, वाळत चाललेला. कोणत्या पायाचा ते कळण्याआधी उन्हाने तो पुसला.

अक्का म्हणाली, हे रोज चालते. ती समजत होती की आपण मेलेल्या माणसाचे पान वाढतो तसे मुले वाढतात. तिने अडवले नाही. रडायला जागा नसलेल्या मुलांनी एवढे केले तर काय बिघडले, असे तिला वाटले.

लहान पोराला मी बिस्किट दिले आणि भात कोणी खाल्ला विचारले. तो म्हणाला, कोणी नाही. मग बिस्किट खाऊन झाल्यावर आपणहून म्हणाला, "उसकू देखे तो अपन बी जाते, साब." कुठे जातो, विचारले तर त्याने नदीकाठच्या त्या भिंतीकडे बोट केले, जिथे प्रेत मिळाले होते.

ठाण्यात सूचना आली की पोरांना उचलून आणा, दोन तासांत बोलतील. मी विनंती केली की जबाब चिक्कडपल्लीला, अक्कासमोर घेऊ द्या. दटावल्यावर मोठी माणसे खरे बोलतात असे आपण धरून चालतो. मूल दटावल्यावर तुम्हाला हवे ते बोलते. साहेबांनी ऐकले, हे त्यांचे मोठेपण.

मोठी समोर मांडी घालून बसली. तिच्या गुडघ्याला पट्टी बांधता बांधता अक्का तेलुगूत इकडचे तिकडचे बोलत होती. मी सरळ विचारले, तो मुलगा जिवंत आहे ना? तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू चौकशी माझीच चालली आहे.

"तुम्हारे कागज में मर गया ना, साब?" ती म्हणाली. "फिर कायकू ढूंढ रै?"

तिला एवढे नक्की माहीत होते की पोलिसांच्या कागदावर मेलेल्याला कोणी शोधत नाही.

मी तिला सांगितले की शोध आता थांबणार नाही, कारण कारखानदाराला कळले आहे. त्याचा माणूस कालपासून पुलावर उभा आहे, हे मी पाहिले होते. तेव्हा तिचा चेहरा बदलला. कोणी सांगितले म्हणून विचारले. मुलाच्या आईने, म्हटले. त्याला आई आहे हेच मोठीला खोटे वाटले. साऱ्या मुलांना आई आहे म्हणायची सवय असते, त्यावर कोण विश्वास ठेवणार.

बाईला अक्काने बाहेरच्या खोलीत बसवले होते. मी तिला आत बोलावले. काय बोलायचे ते मी शिकवले नव्हते. ती मोठीसमोर जमिनीवर बसली आणि मराठीत म्हणाली, "माझ्यासंगं नका धाडू त्याला. निस्तं हाय म्हणून सांगा."

मी भाषांतर करायला तोंड उघडले, तर मोठीने हात केला. तिला समजले होते. तिने गुडघ्याच्या पट्टीचे टोक ओढून घट्ट केले. मग बोलली.

त्या आठवड्यात कोठून तरी एक तापाने फणफणलेले पोर रेल्वेने आले होते. कोणाचे, काय नाव, कोणाला माहीत नव्हते. मुलांनी त्याला पोती पांघरायला दिली. अक्का त्या दिवसांत गावी गेली होती, ती दफनाच्या दिवशीच परतली. सकाळी पाहिले तर ते गेलेले. कारखान्याचा माणूस तेव्हाही रोज पळालेल्या मुलाला शोधत फिरत होता. मोठीने शिपाई यायच्या आत पळालेल्याच्या अंगातला सदरा काढला आणि मेलेल्याला घातला. शिपायाने विचारले तेव्हा सर्वांनी एकच नाव सांगितले. मग तिने त्या जिवंत मुलाला सांगितले की आजपासून तू नाहीस. नियम केला की त्याच्याकडे बघायचे नाही, बोलायचे नाही, नाव काढायचे नाही. कारण शोधणारा माणूस मुलांना विचारत नसतो, त्यांचे डोळे कुठे जातात ते बघत असतो. हे मी खात्यात पुष्कळ वर्षांनी शिकलो होतो. लहान मुलांच्या पोटात गोष्ट राहत नाही, म्हणून त्यांना सांगितले की तो खरेच मेला आहे. भिंतीतल्या एका कोनाड्यात तो राहत होता. थोडे दिवस असे करायचे ठरले होते. पण तो माणूस इतर पळालेल्या पोरांसाठी अधूनमधून येत राहिला आणि नियम उठवायला कोणाला धीर झाला नाही.

पहले उस आदमी को पकडो, मग आम्ही बघू, अशी तिची अट होती. बघू, म्हणजे अक्षरशः बघू.

बाईची फिर्याद त्याच संध्याकाळी नोंदवली. मजूर खात्याचे अधिकारी बरोबर घेऊन दुसऱ्या सकाळी कारखान्यावर धाड घातली. शेगड्यांभोवती बसलेली मुले बाहेर काढली. त्यांतली काही उन्हात डोळे उघडू शकेनात. कारखानदाराला अटक झाली, त्याच्या पुलावरच्या माणसालाही. मी धावत अफझलगंजला आलो आणि मोठीला सांगितले. तिने बेडी पाहिली का विचारले. मीच घातली, म्हटले.

दुपारी भात वाढला. पत्रावळ पायरीवर ठेवली गेली. या वेळी मोठी तोंड नदीकडे करून बसली आणि एकेकाला वळवू लागली. लहान पोर रडायला लागले, त्याला तिने मांडीवर घेऊन जबरदस्तीने वळवले. सारी मुले बघत राहिली.

तो आला. उघडा, अंगावर मातीचा थर, डोळे मात्र स्वच्छ. पत्रावळीपाशी येऊन त्याने वर पाहिले आणि एवढे डोळे आपल्याकडे लागलेले पाहून जागच्या जागी थिजला. मी त्याच्या पायाकडे पाहिले. डाव्या पायाची दोन बोटे जुळलेली होती. मी त्याला नावाने हाक मारली. त्याने मागे वळून पाहिले, कोणी दुसरा उभा आहे का म्हणून.

"उनो मर गया, साब," तो मला समजावून सांगितल्यासारखा म्हणाला.

त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. नोकरीत मी खोटे पुष्कळ ऐकले, म्हणून सांगतो. तो एक पायरी खाली सरकला. आणखी एक सरकला असता तर कोनाड्यात, किंवा नदीकडे. मी पुढे झालो तर अक्काने माझा दंड धरला.

आई पुढे गेली. तिने हाक मारली नाही. त्याच्या वरच्या पायरीवर ती त्याच्याकडे पाठ करून बसली, ती मुले बसत तशी. कमरेची पुरचुंडी सोडली, भाकरीचा तुकडा घेतला आणि न बघता हात मागे धरला. तिने तो खाली घेतला नाही. तो मुलगा त्या हाताकडे बघत राहिला. मग एक पायरी चढला. भाकरी घेतली. तिने त्याला पकडले नाही. तो तिथेच बसला आणि खाता खाता हळूहळू त्याची पाठ तिच्या पाठीला टेकली. तशीच ती दोघे किती वेळ बसली सांगता येणार नाही. आमच्यापैकी कोणी हलले नाही.

बालन्यायालयाच्या हुकमानंतर आई त्याला घेऊन गावी गेली. कारखानदाराला पुढे शिक्षा झाली. मेलेल्या मुलाची फाईल पुन्हा बेवारस म्हणून उघडली. त्याची चौकशी मी बदली होईपर्यंत करत होतो. त्याचे कोणी आले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले ते सांगणे मला जड जाते. आम्ही पोलीस लोक बघणे म्हणजे पाळत समजतो. रस्त्यावरच्या मुलांना बघू नये असेच लोकांनाही वाटते, आपण सिग्नलला काच वर करतो. त्या मुलांनी न बघण्याचा उपयोग करून एका जिवाला वाचवले, हे खरे. पण तेवढ्या दिवसांत त्या जिवातले काहीतरी गेले, हेही खरे. अक्का म्हणे की मुलाला भात नंतर द्या, आधी त्याच्याकडे बघा. तेव्हा ते मला बोलण्यापुरते वाटले होते.

पुढे अनेक वर्षे मला मुलाची खबर नव्हती. अक्का आता थकली आहे, पण तिची गावाकडे ओळख राहिली. मागच्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. मुलगा घरीच आहे. ट्रॅक्टर चालवतो, कष्टाळू आहे, कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. फक्त आपल्या नावाला त्याने कधी ओ दिली नाही. आईने थोडे दिवस प्रयत्न केला, मग सोडला. घरात आणि गावात त्याला आप्पा म्हणतात. आता त्याला मुलगा झाला. बारशाला नाव काय ठेवायचे म्हणून बायकांनी विचारले, तर तो दारातून म्हणाला, माझे ठेवा. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे नाव ठेवतात, बाप समोर उभा असताना बापाचे कोणी ठेवत नाही. आत्या तसे बोललीही. तो शांतपणे म्हणाला की ते पोरगं हैदराबादेत गेलं, नाव रिकामंच पडलंय.

तेच ठेवले. अक्का सांगत होती, आजी आता दिवसभर ते नाव घेऊन हाका मारते. अंगणात काम करणारा तिचा मुलगा मान वर करत नाही. पाळण्यातले पोर लगेच वळून बघते.